इंग्रजी माध्यमाच्या वर्गात मराठीने कोणते काम करावे?

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले आहे. बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या माझ्या वर्गात बहुसंख्य विद्यार्थी मराठी शाळांतून आलेले आहेत; काही सेमी-इंग्रजीचे, थोडे इंग्रजी माध्यमाचे, तर काही उर्दू शाळांतून आणि तांड्यांवरून आलेले आहेत. पूर्ण तास इंग्रजीत घेतला की वर्ग गप्प होतो. प्रत्येक वाक्य मराठीत सांगत गेले तर अभ्यासक्रम मागे पडतो आणि परीक्षेत मुले गाइडमधली पाठ केलेली वाक्येच उतरवतात. इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थिनी मराठीबद्दल नाराज असतात, आणि प्राचार्यांचा आग्रह केवळ इंग्रजीचा आहे. माझे इंग्रजीही सफाईदार नाही, याची मला वर्गात सतत जाणीव असते. मी कोणती भाषा धरू?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण एका भाषेचे नाव मागितले आहे, आणि ते मी देऊ शकत नाही. पदवीचे माध्यम इंग्रजी आहे, संदर्भग्रंथ इंग्रजीत आहेत, पुढे एम.एस्सी., नेट-सेट किंवा औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी, यांपैकी कोठेही गेले तरी रसायनशास्त्राचे लेखन या मुलांना इंग्रजीतच करावे लागणार आहे. त्यामुळे इंग्रजी बाजूला ठेवणे म्हणजे त्यांच्या वाटा बंद करणे होईल. दुसरीकडे, जी मुले दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकली, त्यांच्या डोक्यात आम्ल, आम्लारी, संयुग, अवक्षेप या संकल्पना मराठीतच पक्क्या बसलेल्या आहेत, आणि त्यांवर काही रचायचे तर तेथपर्यंत मराठीतूनच पोहोचावे लागते. आपण दोन्ही भाषा वापरता, ते योग्यच आहे. मात्र तासाचा कोणता भाग कोणत्या भाषेने सांभाळायचा, हे आपण आधी ठरवत नाही, असे आपल्या पत्रावरून दिसते. आणि मला खरी अडचण तेथे वाटते.

प्रथम एक सवय सोडावी लागेल, ती म्हणजे इंग्रजी वाक्य आणि लगेच त्याचे मराठी. आपल्याकडच्या असंख्य वर्गांत असेच शिकवले जाते आणि त्यामागे विद्यार्थ्यांविषयीची कळकळच असते, याबद्दल मला शंका नाही. परंतु मराठी वाक्य पाठोपाठ येणारच आहे हे एकदा कळले की मुले इंग्रजी वाक्याकडे लक्ष देणे थांबवतात. ती त्या वेळात वही सरळ करतात, शेजाऱ्याशी बोलतात आणि मराठी सुरू झाले की मान वर करतात. परिणामी तासाला दुप्पट वेळ लागतो, इंग्रजी कानावरून जाते आणि भाषांतराचे सगळे कष्ट एकट्या शिक्षकाच्या वाट्याला येतात. परीक्षेत मात्र त्या मुलाला स्वतःहून इंग्रजी वाक्य लिहायचे असते, ज्याचा सराव त्याने वर्षभरात एकदाही केलेला नसतो. मग गाइडवाचून त्याला दुसरा आधार उरत नाही. आपण गाइडला दोष दिला आहे. मी तो या पद्धतीला देईन.

वेल्समध्ये, जेथे वेल्श आणि इंग्रजी या दोन भाषा वर्गात शेजारी नांदतात, केन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञाने १९९०च्या दशकात एक साधी रीत मांडली : मजकूर एका भाषेत वाचावा किंवा ऐकावा आणि त्यावर बोलणे-लिहिणे दुसऱ्या भाषेत करावे. एका भाषेतून घेतलेले दुसऱ्या भाषेत मांडायचे तर मध्ये ते समजून घ्यावेच लागते, पाठांतराने ते साधत नाही, हा तिच्यामागचा विचार आहे. आपल्याला हीच रीत लागू पडेल, कारण तिच्यात दोन्ही भाषांना जागा आहे आणि भाषा बदलण्याचे कष्ट विद्यार्थी करतो.

आता हे प्रत्यक्ष तासात कसे उतरवायचे, ते आपल्याच विषयातल्या एका घटकावर थोडे सविस्तर पाहू. रासायनिक समतोल (पुढची आणि उलट अशा दोन्ही अभिक्रिया सारख्याच वेगाने चालू राहणे) हा घटक मी मुद्दाम घेतो, कारण त्याची व्याख्या बहुतेक मुलांना इंग्रजीत तोंडपाठ असते आणि अर्थ बहुतेकांना कळलेला नसतो. समतोल आला म्हणजे अभिक्रिया थांबली, किंवा दोन्ही बाजूंची संहती (कॉन्सन्ट्रेशन) सारखी झाली, हे गैरसमज जगभरच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना परिचित आहेत. इंग्रजी व्याख्या अचूक लिहिणाऱ्या मुलाच्या मनात ते सुखाने नांदत असतात, आणि प्रश्नोत्तरे इंग्रजीतच होत राहिली तर शिक्षकाला त्यांचा पत्ताही लागत नाही.

तासाच्या सुरुवातीला फेरिक क्लोराइड आणि पोटॅशियम थायोसायनेट यांची विरल द्रावणे एकत्र करून येणारा लाल रंग मुलांना दाखवा; ही दोन्ही रसायने आपल्या प्रयोगशाळेत असतीलच. रंग स्थिर झाल्यावर ते मिश्रण दोन परीक्षानळ्यांत घ्या आणि काहीही न घालता मराठीत विचारा, ‘रंग बदलायचा थांबला आहे. आत आता काय चालले असेल?’ पाच मिनिटे त्यांना आपापसात बोलू द्या. बहुतेक जण ‘अभिक्रिया संपली’ असे म्हणतील. मग एका नळीत फेरिक क्लोराइडचे आणि दुसरीत थायोसायनेटचे काही थेंब टाका. दोन्हीकडे रंग गडद होतो. याचा अर्थ दोन्ही अभिक्रियाकारके अजून शिल्लक होती, कोणतेही एक पूर्ण संपलेले नव्हते. मग रंग थांबला तो का, हा वाद मुलांना मराठीतच घालू द्या. येथे इंग्रजीची घाई करू नका. विचार चाचपडत असतो तेव्हा भाषेचा अडथळा त्याच्या वाटेत नसलेला बरा.

पुढची पंधरा-वीस मिनिटे मात्र पूर्ण इंग्रजीची ठेवावीत, आणि तशी आधी सूचना द्यावी. आता मुलांना विषय कळलेला आहे, त्यामुळे आपले इंग्रजी त्यांना पेलेल. फळ्यावर समीकरण लिहावे, बाजूला सात-आठ संज्ञा लिहाव्यात, वाक्ये आखूड ठेवावीत आणि महत्त्वाचे वाक्य मराठीत सांगण्याऐवजी तेच इंग्रजीत वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगावे. एखाद्या ठिकाणी वर्ग पूर्णच अडला तर एखादे मराठी वाक्य बोलण्यास हरकत नाही. नियम मुलांच्या सोयीसाठी आहेत. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाने वहीत दोन-तीन इंग्रजी वाक्ये स्वतःची लिहावीत. ‘व्हेन फेरिक क्लोराइड इज ॲडेड, द कलर बिकम्स डार्कर, बिकॉज...’ एवढे आपण फळ्यावर लिहून द्यावे आणि ‘बिकॉज’च्या पुढचे त्यांनी पूर्ण करावे. सुरुवातीला व्याकरण चुकेल. कारण बरोबर असेल तर ते वाक्य बरोबर धरावे, आणि चुका सुधारताना ज्या चुकीने अर्थ बदलतो तिलाच हात लावावा.

संज्ञांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे, आणि ते सर्वांना आवडणार नाही. मुलांनी दहावीपर्यंत जे मराठी शब्द शिकलेले आहेत, उदाहरणार्थ ऑक्सिडीकरण, क्षपण, उदासिनीकरण, उत्प्रेरक, ते जरूर वापरावेत आणि इंग्रजी संज्ञेशी जोडून द्यावेत. परंतु पदवीच्या पातळीवर जी संज्ञा ते प्रथमच ऐकत आहेत, तिच्यासाठी परिभाषा कोशातून मराठी शब्द शोधून त्यांच्या डोक्यावर दुसरे ओझे ठेवू नये. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यासाठी मोलाचे आहेत. आपल्या वर्गातल्या मुलाला मात्र ‘एन्ट्रॉपी’ हीच संज्ञा लागणार आहे, तिचे स्पष्टीकरण तेवढे मराठीत हवे आहे.

शाळेतले शब्द आणि महाविद्यालयातले शब्द जोडण्यासाठी एक साधन अगदी जवळ आहे आणि त्याचा उपयोग फारसा कोणी करत नाही. बालभारतीची दहावीची विज्ञान आणि तंत्रज्ञानाची पुस्तके मराठी व इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत निघतात, त्यांतला आशय आणि प्रकरणांचा क्रम तोच असतो, आणि ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती विनामूल्य घेता येतात. प्रथम सत्राच्या पहिल्या आठवड्यात रासायनिक अभिक्रियांचे प्रकरण मुलांना दोन्ही पुस्तकांतून शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगा. आशय माहीत असल्यामुळे इंग्रजी वाक्य कसे बांधले जाते, तिकडे त्यांचे लक्ष जाईल. पदवीच्या मुलांना दहावीचे पुस्तक देणे काही सहकाऱ्यांना कमीपणाचे वाटेल. तिकडे दुर्लक्ष करावे. आपल्या स्वतःच्या तयारीसाठी मराठी विश्वकोशातील रसायनशास्त्रावरील नोंदी पाहाव्यात. वाईच्या मंडळाने तयार केलेले वीस खंड आता संकेतस्थळावरही आहेत, आणि अवघड संकल्पना मराठीत नेमकेपणाने कशी सांगावी याचे चांगले नमुने त्यांत सापडतात.

इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थिनींची नाराजी मी गैर मानत नाही, पण तिचे कारण मराठी नसून पुनरुक्ती असावे, असा माझा कयास आहे. एकच गोष्ट दोनदा ऐकावी लागली तर कोणीही कंटाळेल. वरील रीतीने पुनरुक्ती जाते. शिवाय कॅनडातील भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दाखवलेला एक फरक आपण ध्यानात ठेवावा : रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन निराळ्या क्षमता आहेत, नव्याने शिकलेल्या भाषेत पहिली दोनेक वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागू शकतात. त्यांचा अभ्यास स्थलांतरितांच्या शाळकरी मुलांवरचा आहे, तरी आपल्या वर्गात त्याचा प्रत्यय येईल. फाड फाड इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला ‘बिकॉज’च्या पुढचे वाक्य लिहायला सांगून पाहा, तिलाही ते सहज जमेल असे नाही. त्यामुळे लेखनाचा सराव तिच्याही उपयोगाचा आहे, आणि गटचर्चेत तिला मराठीत मांडावे लागले तर तिचेही काही बिघडणार नाही.

उर्दू शाळांतून आणि तांड्यांवरून आलेल्या मुलांचा आपण पत्रात ओझरता उल्लेख केला आहे, पण माझ्या मते वर्गात सर्वांत अवघड जागा त्यांची आहे. ज्या मुलाच्या घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलली जाते, त्याच्यासाठी मराठी ही शाळेची भाषा होती आणि इंग्रजी ही त्यानंतरची. उर्दू माध्यमाच्या मुलीला रोजची मराठी येते, पण ‘आम्लारी’ आणि ‘क्षपण’ तिने कधी ऐकलेले नसते. तिने हेच शास्त्र उर्दू परिभाषेत शिकलेले असते. तिच्यासमोर मराठी स्पष्टीकरण ठेवून मदत झाली असे समजणे ही आपली सोय आहे. अशा मुलांना चर्चेच्या पाच मिनिटांत आपल्या भाषेच्या सोबत्यांबरोबर बसू द्यावे आणि ते काय बोलतात हे आपल्याला कळले नाही तरी चालेल, असे मनाशी ठरवावे. आपण निष्कर्ष मागावा, तो मोडक्या मराठीत येवो वा इंग्रजीत. संज्ञांची सामाईक यादी करताना इंग्रजी आणि मराठी रकान्यांशेजारी तिसरा रकाना कोरा ठेवून तो मुलांनीच भरावा.

प्रॅक्टिकलच्या बाबतीत मी जरा आग्रहाने लिहितो, कारण द्विभाषिक शिक्षणाला प्रयोगशाळेइतकी सोयीची जागा दुसरी नाही आणि आपल्याकडे ती जर्नल उतरवून काढण्यात वाया जाते. ब्युरेट हातात असताना मुले एकमेकांशी जे मराठी बोलतात, ‘थांब, एक थेंब जास्त पडला’, ‘गुलाबी रंग टिकत नाही अजून’, ते उत्तम शास्त्रीय निरीक्षण असते. तेच निरीक्षण त्यांनी लगेच तेथेच कच्च्या वहीत इंग्रजीत लिहावे, असा नियम करावा. मागील वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेली कृती स्वीकारू नये. त्याऐवजी चार ओळींचे, त्या दिवशीचे, त्या मुलाचे निरीक्षण स्वीकारावे. व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा घेताना पहिला प्रश्न इंग्रजीत विचारावा, उत्तर कोणत्याही भाषेत ऐकावे आणि मग तेच उत्तर इंग्रजीत एका वाक्यात सांगायला लावावे. ‘येत नाही’ आणि ‘इंग्रजीत सांगता येत नाही’ या दोन गोष्टी त्यामुळे वेगळ्या होतात, आणि कोणत्या मुलाला कशाची मदत हवी ते आपल्याला कळते.

नव्या अभ्यासक्रम-रचनेत क्षमता संवर्धनाच्या विषयात इंग्रजी शिकवली जाते. आपल्या महाविद्यालयात तो विषय घेणाऱ्या सहकाऱ्यांशी एकदा बोलावे आणि निबंध-पत्रलेखनाबरोबर मुलांच्या याच कच्च्या वह्यांवरही थोडे काम होऊ शकेल का, असे विचारावे. प्रश्नपत्रिकेतील ‘स्टेट’, ‘एक्सप्लेन’, ‘डिस्टिंग्विश’, ‘डिराइव्ह’ या क्रियापदांना प्रत्येकी कोणत्या प्रकारचे उत्तर लागते, हे ते चांगले शिकवू शकतील. पुष्कळ मुलांचे गुण विषय न आल्यामुळे नव्हे, तर प्रश्नाने काय मागितले आहे ते न कळल्यामुळे जातात.

आपल्या स्वतःच्या इंग्रजीविषयी. शिक्षकाला वर्गात लागणारे इंग्रजी मर्यादित असते आणि त्यातील बरेचसे दर तासाला तेच असते : सूचना देणे, तुलना करणे, कारण सांगणे, आलेखाचे वर्णन करणे, मागच्या मुद्द्याशी जोडणे. एवढ्या कामांसाठीची वाक्ये आपण लिहून काढावीत आणि घरी मोठ्याने म्हणून पाहावीत. एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर आयआयटीतील प्राध्यापकांची रसायनशास्त्राची व्याख्याने आहेत. ती आशयासाठी नव्हे, तर समीकरण फळ्यावर लिहिता लिहिता ते काय बोलतात, हे ऐकण्यासाठी लावावीत. त्यांतील अनेकांच्या इंग्रजीला तमिळ, बंगाली किंवा मराठी वळण आहे आणि त्याने शिकवण्याला बाधा येत नाही, हेही आपल्याला दिसेल. उच्चारांवर वेळ घालवू नये. एखादे वाक्य अडले तर वर्गासमोर थांबून ते पुन्हा नीट बांधावे. मुलांनी नेमके हेच करायला शिकावे अशी आपली इच्छा आहे. आणखी एक गोष्ट : आपण स्वतः दहावीनंतर मराठीतून इंग्रजीकडे आला आहात. कोठे पाय अडखळतो हे आपल्याला ठाऊक आहे, आणि इंग्रजी शाळेत वाढलेल्या सहकाऱ्याला ते पुस्तकात वाचून कळणार नाही.

मोबाइलवरील भाषांतराला बंदी घालण्यात अर्थ नाही, कारण मुले ते वापरणारच. वाचनासाठी ते वापरू द्यावे. मात्र यंत्राने केलेल्या भाषांतरात रोजच्या अर्थाचे आणि शास्त्रातील अर्थाचे शब्द एकमेकांत मिसळतात, आणि नकार किंवा अट गळून गेली तर वाक्य उलटे होते, हे त्यांना एकदा त्यांच्याच पुस्तकातला परिच्छेद भाषांतरित करून दाखवावे. लिहिण्यासाठी ते वापरले तर सरावच बुडतो, एवढे स्पष्ट सांगावे.

परीक्षेच्या भाषेबद्दल मुले आपल्याला विचारतील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षांनी एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना पत्र लिहून, अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहिण्याची मुभा द्यावी, असे सुचवले होते. ती सूचना आहे. आपल्या विद्यापीठाने तिच्याबाबत कोणता नियम केला आहे, हे परीक्षा विभागाच्या परिपत्रकात पाहिल्याखेरीज मुलांना काही सांगू नये. अंतर्गत मूल्यमापन मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. पहिल्या चाचणीत स्पष्टीकरणाचा एक प्रश्न कोणत्याही भाषेत लिहू द्यावा, दुसऱ्या चाचणीत तोच प्रकार इंग्रजीत मागावा पण वाक्यांची सुरुवात छापून द्यावी, आणि सत्राच्या अखेरीस तोही आधार काढून घ्यावा. मराठीतील उत्तराला त्याच्या भाषेमुळे गुण कमी करू नयेत, आणि दया म्हणून वाढवूही नयेत.

राहिला प्राचार्यांचा आग्रह. आपण तासिका तत्त्वावर आहात, दर वर्षी नेमणूक नव्याने होते, अशा स्थितीत त्यांच्याशी भाषेच्या धोरणावर वाद घालण्याचा सल्ला मी देणार नाही. त्यांची काळजीही समजण्यासारखी आहे. महाविद्यालयाचे नॅककडून दर्जाचे मूल्यांकन होते, पालक येतात, आणि ‘येथे इंग्रजीतून शिकवतात का’ हा प्रश्न पहिला असतो. त्यांच्याकडे मराठीची परवानगी मागायला जाऊ नका. मुलांनी इंग्रजीत अधिक लिहावे यासाठी मी एक उपक्रम करते आहे, असे सांगा, आणि ते खरेही आहे. आधी विभागप्रमुखांना विश्वासात घ्या, एक घटक या रीतीने शिकवा, आणि त्या घटकावरील मुलांच्या इंग्रजी उत्तरांच्या वह्या मागील घटकाच्या वह्यांसोबत प्राचार्यांपुढे ठेवा. विभागातील आणखी एखाद्या शिक्षकाला सामील करून घेता आले तर फारच चांगले, कारण संज्ञांची यादी, अर्धवट वाक्यांचे तक्ते आणि चाचण्या एकट्याने तयार करणे तासिकेच्या मानधनात कोणाकडूनही अपेक्षित नाही. ते काम वाटून घ्या, आणि जे तयार होईल ते विभागाच्या नावाने जपून ठेवा, म्हणजे पुढील वर्षी आपल्या जागी दुसरे कोणी आले तरी मुलांचे नुकसान होणार नाही.

एका सत्रात एकच घटक या रीतीने झाला तरी पुरेसे आहे. समतोलापासून सुरुवात केलीत तर फेरिक क्लोराइडचे द्रावण बरेच विरल ठेवा, नाहीतर पहिलाच रंग इतका गडद येतो की नंतरचा फरक मागच्या बाकावरून दिसत नाही.